मालदीव : ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट की माफुशीचे गेस्टहाउस?

मालदीवमध्ये 1972 साली कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि पुढे ‘एका बेटावर एकच रिसॉर्ट’ ही पद्धत तिथे रुजली. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ दरात राहणे, तिन्ही वेळचे जेवण आणि ठरावीक पेये येतात. परंतु मालेच्या विमानतळापासून दूरच्या बेटापर्यंतचे सी-प्लेनचे भाडे बहुधा वेगळे असते, आणि ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडत असल्यामुळे सायंकाळी उतरणाऱ्या प्रवाशाला अनेकदा एक रात्र मालेजवळच स्वखर्चाने काढावी लागते. आरक्षणापूर्वी हा सर्व खर्च लेखी विचारून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माफुशी हे स्थानिक वस्तीचे बेट असून मालेहून स्पीडबोटीने तासाभराच्या आत तिथे पोहोचता येते. बेटावर मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या आखूड कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला आहे. न्याहारीला मिळणारी ‘मास हुनी’ म्हणजे टूना मासा, ओले खोबरे, कांदा आणि मिरची यांचे मिश्रण. ते रोशीबरोबर, म्हणजे पोळीबरोबर, खाताना कोकणातल्या माणसाला मुळीच परके वाटणार नाही.

लहान मुले किंवा वृद्ध आई-वडील बरोबर असतील, तर रिसॉर्टचा जादा खर्च मला योग्य वाटतो. ज्यांना मात्र बेटावरच्या माणसांचे रोजचे जीवन पाहायचे आहे आणि जेवणाचा, बोटींचा हिशेब स्वतः ठेवायची तयारी आहे, त्यांनी निःशंकपणे माफुशी निवडावे.