हिशेब नूंगार संस्थेकडे दिला, त्याला आठ महिने झाले

पर्थच्या कॅनिंग वेलमध्ये माझा डब्यांचा धंदा आहे, पाच पोरं अर्धवेळ कामाला. गेल्या ऑगस्टपासून हिशेब, पगार आणि तिमाही टॅक्स रिटर्न हे सगळं इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे नूंगार लोकांच्या, मालकीच्या एका कॉर्पोरेशनकडे दिलंय.

गेले ती स्वार्थापोटी. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर रकाना होता: मूळ रहिवाशांच्या कंपन्यांकडून किती खरेदी करता? म्हटलं, हिशेबाचे पैसे कुठेतरी द्यायचेच आहेत. रकाना भरला, काम काही मिळालं नाही.

पहिल्या भेटीला हळदीचे डाग पडलेल्या पावत्यांचा खोका घेऊन गेले. तिथे हिशेब बघणाऱ्या वयस्कर बाईंना सगळे 'आँटी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. त्यांनी एकेक पावती हाताने सरळ करत टेबलावर मांडली आणि विचारलं, "कोथिंबिरीवर जीएसटी परत मागितलाय?" ताजी भाजी, तांदूळ, डाळ यांवर इथे जीएसटी नाहीच, गरम डब्यावर मात्र १० टक्के. आधीचा बुककीपर डोळे मिटून सगळ्याच खरेदीवर परतावा घेत होता. जुनी रिटर्न दुरुस्त केली, खिशातून पैसे गेले, पण रात्री झोप लागायला लागली.

चुका यांच्याकडूनही झाल्या. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी बहुतेक ऑस्ट्रेलियात जूनमध्ये, आमच्याकडे सप्टेंबरअखेर. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सिडनीचं कॅलेंडर लावलेलं, त्यामुळे २९ सप्टेंबरला राबलेल्या पोरांना साधाच दर लागला. पोरांनीच पकडलं. पुढच्या पगारात फरक मिळाला, त्या कामाचं बिल लावलं नाही; पण पर्थमध्ये बसून ही चूक व्हायला नको होती.

ऑक्टोबरात त्यांच्यात एक मृत्यू झाला आणि ऑफिस जवळजवळ रिकामं. 'सॉरी बिझनेस' म्हणतात त्यांच्या सुतकाला. रिटर्नची तारीख २८ ऑक्टोबर, माझा जीव टांगणीला. मग लक्षात आलं, सुतकातल्या घरी आपण बिलासाठी फोन करतो का? आणि रिटर्न तर त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं.

ओळखीतले दोघे विचारून गेले, 'त्यांच्यातला एखादा भागीदार कागदावर घेतला तर सरकारी कामं मिळतील ना?' याला इथे 'ब्लॅक क्लॅडिंग' म्हणतात. सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, त्यातलीच गत. सरकारी खरेदीतला काही वाटा मूळ रहिवाशांच्या कंपन्यांना द्यायचं धोरण २०१५ पासून आहे, आणि असल्याच प्रकारांमुळे कंपनीत त्यांच्या मालकीची अट ५० वरून ५१ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं, १ जुलै २०२६ पासून. माझ्या संस्थेच्या नावाच्या शेवटी 'ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन' आहे, म्हणजे नोंदणी मूळ रहिवाशांच्या संस्थांसाठी केलेल्या २००६ च्या खास कायद्याखाली. तिची नियमावली आणि संचालकांची नावं रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. सही करण्याआधी मी बघितली, तुम्हीही बघा.

आधीच्यापेक्षा महिन्याला ६० डॉलर जास्त जातात. ॲप नाही, फोटो ईमेलनेच पाठवावे लागतात, याचा कंटाळा येतो. तरी जूनमध्ये इथलं आर्थिक वर्ष संपल्यावरही इथेच राहणार आहे. फक्त आँटींचा निरोप आलाय, पुढचा खोका आणताना पावत्या आधी पुसून आणायच्या.