पाचपावलीतला हातमाग वर्ग: आधी बसायची फळी बघा

नागपूरच्या पाचपावलीत एका कोष्टी काकांच्या घरी रविवारी सकाळी हातमाग शिकवतात. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे कापडाआधी बसायची फळी बघितली. तिथेच हा वर्ग मला मनापासून आवडला.

काकांचा जुना माग खड्ड्याचा. पाय खड्ड्यात, पाठ टेकायला काही नाही, दिवसभर कंबर पुढे वाकलेली. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येते ती वेगळीच. अशा मागावर आयुष्य काढलेल्यांच्या कंबरा आणि गुडघे मी तपासलेत. त्यांची मुलं या धंद्यात आली नाहीत म्हणून त्यांना कुणी आळशी म्हटलं की मला राग येतो. कमाईचं तर बोलायलाच नको. २०१९-२० च्या हातमाग गणनेत निम्म्याहून बरीच जास्त विणकर कुटुंबं महिन्याला ५,००० रुपयांच्या आत कमावणारी निघाली.

वर्गातले माग चौकटीचे, जमिनीवर उभे. फळी पुढे जराशी उतरती, कड रंधा मारून गोल केलेली, म्हणजे मांडीला काचत नाही. विणलेलं कापड गुंडाळायचा रूळ कोपराच्या उंचीला येतो, त्यामुळे खांदे वर ओढले जात नाहीत. कांडी, म्हणजे आडव्या सुताची गुंडाळी, संपली की उठायचंच. भरलेल्या कांड्यांची टोपली मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलीय.

"नात म्हणे, आबा, कंबर दुखली नाही त बसतो मी मागावर. मंग सुताराले बोलावलं," काका सांगत होते.

तीच नात आता करवतकाठी शिकवते. विदर्भाच्या या टसर रेशमाच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे. आडवा धागा इकडून तिकडे नेणारे धोटे तीन: दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात जिथे गुंततो तिथे करवतीचे दात उठतात. एक फेर चुकला की दात बोथट. ती त्यावर बोट ठेवते आणि तेवढं उसवायला लावते, चिडत मात्र नाही. कॉलेजची पोरं तासभर मोबाईलला हात न लावता बसलेली मी तिथे पाहिली.

उणीव एकच, पण मोठी. फळीची उंची बदलता येत नाही. उंच मुलांचे गुडघे रुळाला लागतात. खाचा पाडून फळी वरखाली करता येईल, असं मी काकांना सांगितलंय.

फीमध्ये सूत आलं. नवशिक्यांना आधी सुती रुमाल विणायला देतात, तो घरी नेता येतो. जाताना ओढणी किंवा घोळदार कुर्ता नको, पायाखालच्या पट्ट्यांत अडकतो.