बेट्टी की वायोमिया?

खानापुरात आमच्या मुली तांबड्या मातीत, फक्कीच्या रेघांवर अनवाणी पळतात. त्यांना गोष्ट कुणाची सांगावी?

अमेरिकन धावपटू बेट्टी रॉबिन्सननं १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये १६व्या वर्षी १०० मीटर १२.२ सेकंदांत जिंकलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची ती पहिलीच १०० मीटर शर्यत. १९३१ च्या विमान अपघातानंतर गुडघा पुरता वाकेना, खाली बसून सुटता येईना. पण रिलेत, म्हणजे चौघींनी एकीमागून एक बॅटन (छोटी कांडी) हाती देत पळायच्या शर्यतीत, तिसऱ्या टप्प्याला उभ्यानंच सुटायचं असतं. १९३६ ला बर्लिनमध्ये तिनं तिथं पुन्हा सुवर्ण मिळवलं!

तिच्याच देशाची वायोमिया टायस १९६४ ला टोकियोत, १९व्या वर्षी जिंकली आणि १९६८ ला मेक्सिकोतही. लागोपाठ दोनदा ऑलिंपिकची १०० मीटर जिंकणं तोवर पुरुषांनाही जमलं नव्हतं. विक्रम तिचाच मोठा.

तरी मी आधी बेट्टीची सांगते. परवा टाच सोलवटलेली एक पोर घरी न जाता, बॅटनसाठी हात मागं करून उभी होती.