ऑडिओ-टेक्निका ओसी९एक्सएमएल: आठ-नऊ महिन्यांनंतर, तासाच्या हिशेबासकट

फरक कळतो. पन्नासेक हजार मोजून रेकॉर्ड प्लेयरचं कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेली नखाएवढी डबी, आणली की जो तो 'फरक कळतो का?' हेच विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. पण तो कुठे कळतो आणि तासामागे कितीला पडतो, हे वापरल्यावरच उमगतं.

माझं ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. ख्यालाच्या एलपीची एक गोची आहे. बाजू विलंबितानं सुरू होते आणि द्रुतावर संपते, म्हणजे ताना, तबल्याची दाटी, तार सप्तक हा सगळा ऐवज लेबलाजवळ जमा होतो. फेरे मिनिटाला ३३⅓ च, पण बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह (रेकॉर्डवरची खाच) सरकते आणि अगदी आत जेमतेम २१. अर्ध्याहून कमी जागेत तेवढीच बारीक वळणं कोंबलेली. टोक जाड असेल तर ते ती वळणं गाठू शकत नाही. आकारातली तान खरखरते, 'स' फुटतो. पॉपच्या रेकॉर्डवर बाजूचं शेवटचं गाणं अनेकदा संथ असतं, तिथे हे झाकून जातं. आपल्याकडे मैफल रंगते तिथेच पिनेची परीक्षा.

आधी माझ्याकडे त्याच कंपनीचं व्हीएम९५ई कार्ट्रिज होतं, इलिप्टिकल म्हणजे लंबगोल टोकाचं. मग त्याच बॉडीवर मायक्रोलिनियर, म्हणजे फार अरुंद धारेच्या टोकाची सुई बसवली; ते झालं व्हीएम९५एमएल. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची, झालं. खरी उडी तिथे पडली. द्रुतातली खरखर जवळजवळ गेली. ओसी९एक्सएमएलचं टोकही मायक्रोलिनियरच, पण कँटिलिव्हर (टोक धरणारी बारीक दांडी) बोरॉनचा आणि आत मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते. यानं भर घातली ती तानपुऱ्यात. पूर्वी तो मागे एकसंध गुंजायचा, आता चारही तारा वेगळ्या छेडलेल्या कळतात आणि खर्जानंतरचा गंधार स्वच्छ उमटतो. डग्ग्याची घुमक लोंबकळत राहत नाही. कुमारजींची एखादी तुटक फिरत संपते तेव्हा तिच्यामागची शांतताही ऐकू येते. उंच पट्टीतली हार्मोनियम मात्र कधीकधी जरा टोचते. ज्यांना ऊबदार, गोलसर आवाज हवा त्यांनी डेननचं डीएल-१०३ ऐकावं. साध्या गोल टोकाचं, १९६० च्या दशकातलं डिझाइन, अजून विकलं जातं.

आता आयुष्य. कंपनीचे स्वतःचे आकडे असे: इलिप्टिकल ३०० तास, गोल ५००, शिबाता (हेही एक अरुंद टोक) ८००, मायक्रोलिनियर १,०००. मायक्रोलिनियरच्या टोकाची धार झिजली तरी बराच काळ तेवढीच अरुंद राहते, म्हणून ते टिकतं. एका बाजूची ग्रूव्ह सरळ केली तर सव्वाचारशे मीटरच्या आसपास भरते. हजार तास म्हणजे तेराशेच्या आसपास किलोमीटर, जवळजवळ मुंबई ते दिल्ली, हिऱ्याच्या एका कणानं घासत.

मला पडलेल्या किमतीत इलिप्टिकल सुई पाचेक हजारांची, म्हणजे तासाला सोळा-सतरा रुपये. मायक्रोलिनियर पंधरा हजारांची, म्हणजे तासाला पंधरा. स्वस्त सुई स्वस्त पडत नाही, हे एवढं सरळ आहे. ओसी९ तासाला पन्नास, एक एलपी पस्तीस-चाळीस रुपयांना. शिवाय मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही. झिजली की रीटिपला (नवं टोक बसवून घ्यायला) पाठवा किंवा नवं कार्ट्रिज घ्या. दहा हजार डॉलरच्या पुढची कार्ट्रिजही याच कारणानं झिजतात, हिरा त्यांचाही हिराच. तिथला तासाचा भाव ज्यानं त्यानं काढावा.

माझे साडेतीनशेच्या आसपास तास झाले असावेत. यूएसबी मायक्रोस्कोपखाली टोकावर चकाकणारे सपाट डाग, म्हणजे झिजेची खूण, अजून नाहीत.

कटकटी आहेत. आउटपुट ०.४ मिलिव्होल्ट, व्हीएम९५एमएलच्या नवव्या हिश्श्याएवढा, त्यामुळे अँप्लिफायरच्या साध्या फोनो (रेकॉर्ड प्लेयरच्या) इनपुटवर चालत नाही. साठेक डेसिबल गेन देणारा, म्हणजे सिग्नल तेवढा वाढवणारा फोनो स्टेज वेगळा घ्यावा लागला; हा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. अर्थिंगची वायर जरा सैल झाली की हम सुरू. अलाइनमेंट (पिन ग्रूव्हमध्ये नेमक्या कोनात बसवणं) बारकाईनं करावी लागते. पिनेचा २ ग्रॅमचा भार डिजिटल काट्यावर मोजूनच घ्या, टोनआर्मवरच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबू नका.

पावसाळ्यात चोर बाजारातल्या एलपींवर बुरशी धरते. त्या न धुता लावल्या तर अर्ध्या बाजूत पिनेवर करड्या धाग्यांचा बोळा बसतो आणि आवाज घोगरा होतो. ब्रश मागून पुढे, कधीही आडवा नाही. कँटिलिव्हर मोडला तर पन्नास हजार गेले. रेडिओग्रामच्या जड सिरॅमिक पिनेखाली घासलेल्या एलपीवर मात्र बारीक टोक कधीकधी न झिजलेल्या भिंतीला टेकतं आणि अनपेक्षित स्वच्छ वाजतं. कधी उलट, तळाची सगळी घाण ऐकवतं. अशा संशयित एलपींसाठी मी व्हीएम९५एमएल दुसऱ्या हेडशेलवर (टोनआर्मला लागणाऱ्या सुट्या टोपणावर) तयार ठेवलंय. ओसी९ची पिन संपली की रीटिपचा भाव बघेन. तो पंचवीस हजारांच्या वर गेला तर व्हीएम९५च्या जुन्याच बॉडीवर नवी सुई सरकवून पुढे चालू.