जुन्या व्हॅनचे रिच मिक्स्चर आणि हजार रुपयांच्या आतला स्कॅनर

ऑनलाइन बाजारात ‘ईएलएम३२७’ या नावाने मिळणारा, गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आत येतो, आणि त्याच्या खोक्यावर गाडीचे सगळे दोष ओळखण्याचे आश्वासन छापलेले असते. मी तो एकाच कामाच्या कसोटीवर पारखला: इंजेक्शन असलेल्या जुन्या पेट्रोल व्हॅनचे मिक्स्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) का झाले, हे त्याच्या मदतीने कळते का?

आमची व्हॅन २०१० सालची, सोलापुरात नोंदलेली. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ (बीएस-४) चे प्रदूषणाचे नियम ज्या १३ शहरांत आधी लागू झाले त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते; त्यामुळे तिच्या डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट आहे आणि स्कॅनर सहज जोडला जातो. त्याआधीच्या बीएस-३ व्हॅन या सामान्य स्कॅनरला प्रतिसाद देतीलच असे नाही, म्हणून अशा गाडीच्या मालकाने विकत घेण्यापूर्वी कोणाचा तरी मागून लावून पाहावा.

लक्षणे ओळखीची होती. ॲव्हरेज पडले होते, प्लगांवर कोरडी काजळी धरत होती, आणि पीयूसीच्या वेळी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बीएस-४ साठी असलेल्या ०.३ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्स्चरचा अंदाज देणारा) बदलण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो, की रिच मिक्स्चरची खबर देणाऱ्यालाच आधी शिक्षा करण्याची पद्धत पडली आहे असे वाटते.

दोषांचे कोड वाचण्याच्या बाबतीत स्कॅनरने निराशा केली, पण त्यात त्याचा दोष नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता आणि एकही कोड साठलेला नव्हता. पी०१७२ हा कोड मिळाला असता, तरी मिक्स्चर रिच आहे एवढेच त्याने सांगितले असते, आणि ते काळे प्लग पाहून आधीच कळले होते. या उपकरणाची खरी किंमत लाइव्ह डेटाच्या पानावर वसूल होते.

तिथे ऑक्सिजन सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर अडकून होता. एरवी तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. तो जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची) एक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढून जादा हवा आत जाऊ दिली, तेव्हा आकडा झटकन खाली आला. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या मात्रेत होणारी दुरुस्ती, पाहिला. पेट्रोल जास्त जात असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक) ते कमी करू पाहतो आणि ट्रिम उणे दिसतो. इथे मात्र शॉर्ट टर्म ट्रिम शून्यावर स्थिर होता, आणि केवळ ते शून्य पाहून सगळे ठीक आहे असे वाटले असते. उलगडा शेजारच्या ओळीत झाला: इंजिन पुरेसे तापलेले नसल्यामुळे ओपन लूप, म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नव्हता. गाडी तासभर रस्त्यावर धावून आली होती, रेडिएटरच्या वरच्या होजला हात लाववत नव्हता, आणि कूलंटचे तापमान मात्र ४० अंशांच्या आसपास दिसत होते. म्हणून ईसीयू इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त देत होता.

थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकला असता तर होजही कोमटच राहिला असता. म्हणून संशय कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर आणि त्याच्या वायरिंगवर गेला. कपलर (वायर जोडणारा प्लग) काढला तर पिनांवर हिरवट गंज होता. या सेन्सरचा रोध तापमान वाढते तसा घटतो: साधारणपणे २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गंजाने त्यात काहीशे ओहमची भर घातली, तर थंड इंजिनवर आकडा थोडाच चुकतो, पण गरम इंजिनवर तो चाळीस अंशांनीही घसरू शकतो. म्हणूनच सकाळी थंड इंजिनवर कूलंटचे आणि हवेचे तापमान ताडून पाहण्याची चाचणी करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. रेडिएटरचा पंखा याच आकड्यावर चालत असेल, तर तो वेळेवर सुरू होणार नाही, आणि हा धोका वाया जाणाऱ्या पेट्रोलपेक्षा मोठा आहे. पिना साफ केल्यावर लूप क्लोज झाला, म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकू लागला, आणि व्होल्टेज पुन्हा वरखाली होऊ लागले.

मर्यादा मात्र ठळक आहेत. एका वेळी दहा आकडे निवडले तर स्कॅनर इतका मंदावतो, की ऑक्सिजन सेन्सरचा आलेख फसवा दिसतो. त्या वेळी फक्त ऑक्सिजन सेन्सरचाच आकडा निवडून पाहावा. गळका इंजेक्टर किंवा पेट्रोलचा वाढलेला दाब हे उपकरण थेट दाखवू शकत नाही, त्यासाठी प्रेशर गेजच लागतो. मॅप सेन्सरची (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या) पारख मात्र छान होते: इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केल्यावर सोलापूरच्या उंचीवर ९५-९६ किलोपास्कल दिसायला हवेत, मुंबईत शंभरच्या जवळ.

खरेदी करताना ‘१.५ आवृत्ती’ या शिक्क्याला भुलू नये. मूळ कॅनेडियन कंपनीने ईएलएम३२७ ची अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती, बाजारातले बहुतेक स्कॅनर नकला आहेत. साधा ब्लूटूथवाला अँड्रॉइडवर चालतो. आयफोनसाठी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्यावा. काम झाल्यावर तो सॉकेटमधून काढून ठेवावा, कारण तिथे चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो आणि जास्त दिवस उभ्या राहिलेल्या व्हॅनची बॅटरी त्याने उतरते.