प्रोजेक्टला मार्कोनी की बोस?
ठाण्याला भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, विषय बिनतारी संदेश, आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. इटलीचा संशोधक मार्कोनी घेतला तर काम सोपं, 1901 मध्ये इंग्लंडमधून अटलांटिकपार मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीतलं एस अक्षर, नुसती तीन टिंबं, मग 1909 चं नोबेल जर्मन शास्त्रज्ञ ब्राउनसोबत. लांब पल्ला आणि धंदा त्याचाच, मान्य. पण मला विचाराल तर जगदीशचंद्र बोसच घ्या! त्याआधीच कोलकात्यात भिंतीआडून रेडिओ लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली, लहरींची लांबीही 5 मिलिमीटरपर्यंत बारीक, आत्ता 5जीवाले मिलिमीटर लहरींकडे वळतायत. शिवाय बोसचा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या खड्याचा, लहरी ओळखणारा डिटेक्टर, ज्याचं 1904 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, तो तर पोरीला टेबलावर दाखवता येईल, खड्यावर तारेचं टोक टेकवायचं आणि हेडफोनमध्ये ऐकायचं.