परदेशात नोकरी, रजा कोकणासाठी : मग ग्लायडर कुठे उडवायचं?

ग्लायडिंगसाठी, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवण्यासाठी, कुणी देश बदलत नाही. नोकरी मिळेल तिथे माणूस जातो आणि मग शनिवार-रविवारचं काय करायचं ते बघतो. पण रत्नागिरी, चिपळूण, दापोली, मालवणकडच्या काही जणांना निवडीला थोडा वाव असतो. कुणाच्या हातात दोन ऑफर असतात. कुणी बोटीवरून उतरल्यावर सुट्टी कुठे घालवायची हे स्वतः ठरवू शकतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

असे आढावे बहुतेक हवामानापासून सुरू होतात : कुठे थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा) जोरात, कुठे ढग उंच. मी रजेपासून सुरू करतो, कारण कोकणी माणसाचं ग्लायडिंग तिथेच अडतं. युरोपात सीझन साधारण एप्रिल ते सप्टेंबर, त्यातही लांब पल्ल्याचे चांगले दिवस एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. आपली रजा केव्हा? मे महिन्यात, कारण आंबा, लग्नं आणि मुलांच्या शाळांना सुट्टी. आणि गणपतीत, त्याबद्दल बोलायलाच नको. म्हणजे जो चाकरमानी दोन्ही वेळेला गावी येतो, त्याने शिकताना एप्रिलमध्ये हाताला लागलेली सफाई जूनमध्ये परत पहिल्यापासून कमवायची, आणि गणपती आटोपून परतेपर्यंत तिकडे दिवस लहान व्हायला लागलेले. हे गणित आधी मांडा, मग देश निवडा.

जर्मनी की ब्रिटन

आपल्याकडून सध्या सगळ्यात जास्त चौकशी जर्मनीची होते. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर तर जास्तच. योगायोग असा की ग्लायडिंगच्या दृष्टीने ते राज्य उत्तम आहे. श्वेबिशे आल्ब नावाची डोंगररांग तिथूनच जाते, आणि तिच्या पायथ्याशी श्टुटगार्टजवळ हानवाइडेचं मैदान आहे. मुळात हा खेळ जर्मनांनीच वाढवला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्यांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं ऱ्होनच्या वासरकुप्पे डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन गेली. 1920 पासून तिथे स्पर्धा भरायला लागल्या. आजही तिकडे छोट्या छोट्या गावांचे स्वतःचे क्लब आहेत.

हे क्लब म्हणजे दुकान नव्हे, हे मात्र नीट समजून घ्या. सकाळी नऊला हँगरचं दार उघडतं. ग्लायडर हातांनी ढकलत बाहेर काढायचे, पुसायचे, तपासायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणारं यंत्र, लागतो, तिथून एखादी जुनी गाडी दोर ओढत आणते. मग दिवसभर कुणी पंखाचं टोक धरून धावतोय, कुणी वहीत उड्डाणांच्या वेळा लिहितोय, कुणी उतरलेलं ग्लायडर ओढून परत रांगेत लावतोय. या सगळ्यात तुमच्या वाट्याला तीन-चार उड्डाणं येतात, आणि सुरुवातीला एकेक पाच-सात मिनिटांचंच. संध्याकाळी पंखांच्या पुढच्या कडेला चिकटलेली चिलटं बादली आणि स्पंज घेऊन धुवायची. हिवाळ्यात वर्कशॉप. वर्षाला ठरावीक तास काम करायचंच, नाही केलं तर त्याचे पैसे भरायचे. शिमग्यात पालखीला खांदा देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको : इथे गिऱ्हाईक कुणी नसतो, सगळे मानकरी. म्हणूनच स्वस्त पडतं. इन्स्ट्रक्टर फी घेत नाहीत, आणि विंचचं लाँच (ग्लायडर हवेत चढवणं) विमानाने ओढून नेण्यापेक्षा कितीतरी पटीने स्वस्त. दोर ताणला की काही सेकंदांत नाक आभाळाकडे, मिनिटाच्या आत तीन-चारशे मीटर उंची, मग पिवळी मूठ ओढून दोर सोडायचा. पुढे थर्मल मिळालं तर तुमचं नशीब.

जर्मनीची अडचण भाषा. कामापुरती बी-वन पातळीची जर्मन येत असली तरी मैदानावरची घाईतली बोली, त्यातही स्वाबियन बोली, वेगळीच. लहान मैदानांवर रेडिओवरही जर्मनच चालतं. पण माझ्या मते हीच जर्मनीची जमेची बाजूही आहे. ऑफिसात सगळे तुमच्याशी इंग्रजीत बोलून मोकळे होतात, तिथे मात्र पंख धरून उभं असताना कुणाला वेळ नसतो. दोन सीझनमध्ये भाषा सुधारते ती कुठल्याही क्लासपेक्षा जास्त.

परवान्याचं गणित ब्रिटन सोडून युरोपभर एकच : एसपीएल, म्हणजे ग्लायडर पायलटचा परवाना. किमान 15 तासांचं प्रशिक्षण, 45 लाँच आणि तितकीच लँडिंग, त्यात दोन तास देखरेखीखाली एकट्याने, शिवाय एक छोटं क्रॉसकंट्री, म्हणजे मैदानापासून लांब जाणारं उड्डाण. परवान्यासाठी वयाची अट 16. कागदावरचे 15 तास वीकेंडच्या हिशोबाने दोन सीझन सहज खातात. वर मे महिना आणि गणपती वजा केलेत तर तीन धरा.

ब्रिटनमध्ये भाषेचा प्रश्न नाही, प्रश्न आभाळाचा. शनिवारी पाऊस, रविवारी खाली आलेले ढग, सोमवारी लख्ख ऊन आणि तुम्ही ड्युटीवर. पण हेच उलटं फिरवून बघा. जे एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स किंवा डॉक्टर आहेत, ज्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळते, त्यांच्यासाठी ब्रिटन जर्मनीपेक्षा सोयीचं आहे. हॅम्पशरमधलं लॅशम हे मोठं केंद्र आठवड्याचे सगळे दिवस चालतं. लंडनच्या उत्तरेला डन्स्टेबल डाउन्सच्या उतारावर लंडन ग्लायडिंग क्लब 1930 पासून आहे, तिथे पश्चिमेचा वारा उताराला धडकून वर वळला की डोंगराच्या धारेवर तासन्‌तास राहता येतं. स्कॉटलंडमध्ये नोकरी असेल तर लॉक लेव्हनच्या काठचं पोर्टमोक. तिथे धारेवरचा वारा आणि डोंगरापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटा दोन्ही मिळतात, त्यामुळे हिवाळाही अगदीच वाया जात नाही. आणखी एक सोय म्हणजे बरेच ब्रिटिश क्लब पाच दिवसांचे सलग कोर्स घेतात. पाच दिवस रजा टाकून रोज उडालात तर दोन महिन्यांच्या वीकेंडांइतकी प्रगती होते.

एक खाच लक्षात ठेवा. ब्रिटन आता युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या बाहेर आहे. ब्रिटिश कागद घेऊन उद्या म्युनिकला बदली झाली तर परवाना आपोआप चालत नाही. लॉगबुकातले तास मात्र कामी येतात.

ऑस्ट्रेलिया, आणि अमेरिका थोडक्यात

रजेच्या हिशोबाने कोकणी माणसाला सगळ्यात बिनबोभाट जमणारा देश ऑस्ट्रेलिया. तिकडचा उन्हाळा म्हणजे सीझन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबे खायला या, गणपतीला या, तिकडे काही बुडत नाही. शिमगासुद्धा बहुतेक वेळा सीझन उतरल्यावर येतो. नुकसान फक्त तुळशीच्या लग्नाचं.

आणि हवा! आतल्या भागात तापलेल्या कोरड्या जमिनीवरून थर्मल तीन हजार मीटरपर्यंत आणि वर जातात. मेलबर्नपासून साधारण दोनशे किलोमीटरवर बेनाला आहे, तिथे 1987 आणि 2017 मध्ये जागतिक स्पर्धा झाल्या. सिडनीत असाल तर कॅम्डेन जवळ पडतं, पण ते शहराच्या हवाई हद्दीला खेटून. खरी मजा नॅरोमाइन, लेक कीपिटकडे. पर्थवाल्यांना बेव्हर्ली. इथे अडचण एकच, अंतराची. शनिवारी पहाटे निघायचं, रात्री क्लबच्या बंकहाऊसमध्ये झोपायचं, रविवारी रात्री परत. घरी लहान मूल असेल तर बायकोशी, किंवा नवऱ्याशी, आधी बोलून घ्या. जर्मनीत मैदान अर्ध्या तासावर असतं, त्यामुळे दुपारी जेवून गेलं तरी चालतं. ऑस्ट्रेलियात नाही चालत. उन्हाचंही सांगतो : आपण कोकणातले, घामाची सवय आहे, पण तिथे घाम दिसतच नाही, लगेच सुकतो. त्यामुळे पाणी प्यायचं भान राहत नाही. टोपी आणि पाणी याबाबत तिथले इन्स्ट्रक्टर कटकट करतात, ती ऐका.

अमेरिका पैसे असतील तर सरळ आहे. क्लब आहेतच, पण पैसे भरून शिकवणारी खासगी केंद्रंही आहेत. बहुतेक ठिकाणी विमानाने ओढून नेतात, त्यामुळे एकेक उड्डाण महाग पण लांब. ग्लायडरसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागत नाही. प्रायव्हेट पायलटसाठी किमान 10 तास आणि 20 उड्डाणं, म्हणजे युरोपपेक्षा कमी. दक्षिणेकडे वर्षभर उडता येतं. न्यूयॉर्क राज्यात एल्मायराच्या हॅरिस हिलला ग्लायडिंगचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्या बाजूला असाल तर बघून या. आयटीतल्या लोकांना, ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही, त्यांना अमेरिका बरी. माणसं जोडायची असतील तर मी जर्मनीच म्हणेन.

बोटीवर किंवा आखातात असाल तर

इथे देशाची तुलना करून उपयोग नाही. मर्चंट नेव्हीत चार-सहा महिने पाण्यावर आणि मग सलग सुट्टी, आखातात वर्षातून एकदा-दोनदा रजा. वीकेंड क्लब हा प्रकार तुमच्यासाठी नाहीच. आखातातून ग्लायडिंगसाठी बाहेर जावं लागणार असंच धरून चाला. तुम्हाला हवा सलग कोर्स : एका जागी दोन आठवडे, रोज उड्डाण. त्यासाठी ब्रिटनचे आठवड्याचे कोर्स, अमेरिकेतली खासगी केंद्रं, किंवा डिसेंबर-जानेवारीत उतरलात तर ऑस्ट्रेलिया. नामिबियातल्या बिटरवासरबद्दल ऐकलं असेल. कलहारीच्या काठावर, हजार किलोमीटरची उड्डाणं, युरोपातले पायलट हिवाळ्यात तिथे जातात. ते शिकायचं ठिकाण नव्हे, शिकून झाल्यावरचं.

बोटीवरच्यांचा खरा शत्रू म्हणजे सराव तुटल्यावर हाताला चढणारा गंज. युरोपीय नियम तसा सैल आहे : 24 महिन्यांत 5 तास, 15 लाँच आणि इन्स्ट्रक्टरबरोबर दोन उड्डाणं झाली की परवाना चालतो. पण सहा महिने जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून आलेल्याला कुठलाही शहाणा क्लब पहिल्या दिवशी एकट्याला सोडत नाही, आणि सोडूही नये. म्हणून सुट्टीचे पहिले दोन दिवस चेक फ्लाइटसाठी धरूनच तिकीट काढा. आणि दर वेळी नवीन ठिकाण नको. एकच मैदान धरलंत तर तिथली माणसं तुम्हाला ओळखतात, मागच्या वेळी फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) उशिरा केला होतास हे त्यांच्या लक्षात असतं.

आणि कोकणात?

हा प्रश्न मला गावी प्रत्येक खेपेला होतो : समोर एवढा वारा, एवढे कडे, घारी पंख न हलवता तासभर तरंगतात, मग इथे का नाही? रत्नदुर्गाच्या समुद्राकडच्या कड्यावर दुपारी उभं राहा. समुद्रावरचा वारा कड्याला धडकून वर वळतो, आणि घार नेमक्या त्या पट्ट्यात, कड्यापासून हातभर बाहेर, इकडून तिकडे येरझाऱ्या घालते. मध्येच शेपटी किंचित तिरकी करते, एवढंच. जर्मनीत डोंगराच्या धारेवर ग्लायडर अगदी तेच करतं.

पण घारीला माडावर उतरता येतं. ग्लायडरला वारा पडला की दोन-तीनशे मीटरचं सपाट, मोकळं शेत लागतं. आपल्याकडे काय आहे? डोंगरउतारावरची लहान लहान शेतं, बांध, आंब्याच्या बागा, दर पन्नास पावलांवर जांभ्याचा गडगा. सड्यावर सपाट वाटतं, जवळून बघितलं तर कातळाचे टेंगूळ. शिवाय किनाऱ्याच्या आत थर्मल टिकत नाहीत : सकाळी अकराच्या सुमाराला समुद्राकडचा गार वारा आत शिरतो आणि तापलेल्या जमिनीवरची हवा उठायच्या आधीच दबून जाते. घाटमाथ्यावर चित्र वेगळं, म्हणून पॅराग्लायडर कामशेतला उडतात, गुहागरला नाही.

त्यामुळे गावी असताना दोनच गोष्टी करण्यासारख्या. सड्यावर नाहीतर कड्यावर रिमोटचं फोमचं ग्लायडर उडवा. वाऱ्याची धार कुठे लागते, कुठे मागे खड्डा पडतो हे हाताला कळतं, आणि पडलं तर डिंकाने चिकटतं. ड्रोनचे नियम आणि विमानतळाजवळची बंदी मात्र आधी बघून घ्या, रत्नागिरी आणि चिपी दोन्हीकडे धावपट्टी आहे. दुसरं, पुण्याला हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरमध्ये एखादी फेरी मारून या, तिथेही विंचच आहे. चालू आहे का ते फोन करून विचारा, पावसाळ्यात जाऊच नका. पोटात ढवळतं की नाही एवढं कळलं तरी परदेशी क्लबचं प्रवेशशुल्क भरायचं की नाही ते ठरतं.

क्लबला पहिला ईमेल लिहाल तेव्हा वर्षाचा हिशोब उघड सांगा : मे महिन्यात दोन आठवडे नाही, गणपतीत नाही, बाकी येईन. चांगले क्लब यावरून नाही म्हणत नाहीत, पण मग कुठल्या महिन्यात सोलोची, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याची, अपेक्षा धरायची ते खरं सांगतात. सोबत विचारून घ्या : विंच की विमान, आठवड्याचे किती दिवस चालू, कामाचे तास किती, दोन आसनी ग्लायडर किती आणि शिकाऊ किती. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. एका ग्लायडरमागे दहा-बारा शिकाऊ असतील तर मैदान कितीही सुंदर असो, दुसरा क्लब बघा. आणि कंपनीच्या विम्यात ग्लायडिंग वगळलेलं आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या, तोंडी नको.